रांग, चाकाची खुर्ची आणि ती स्कूटर

उन्हाळा जवळ आला की आमच्या नात्यागोत्यात अमेरिकेच्या तिकिटांची बोलणी सुरू होतात. कुणाचा मुलगा तिकडे, कुणाची मुलगी. नातवंडांबरोबर डिस्नेला जायचं हे ठरलेलंच असतं. आणि मग एक प्रश्न हमखास येतो, तोही जरा आवाज खाली आणून. "तिथे म्हणे बॅटरीवर चालणारी स्कूटर भाड्याने मिळते. घ्यावी का गं? लोक काय म्हणतील?" गेल्या दोन-तीन वर्षांत चौघांनी तरी विचारलं असेल. फोनवर प्रत्येक वेळी सांगणं अर्धवट राहतं, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं. शाळेत इतिहास शिकवला असल्यामुळे मी सुरुवात जरा मागून करणार. ज्यांना नुसते नियम हवे आहेत त्यांनी सरळ खाली उतरावं, मी रागावणार नाही.

आधी वस्तू कोणती ते सांगते, कारण आमच्या पुण्यात स्कूटर म्हटलं की अजूनही बजाजच डोळ्यांपुढे येते. ही मोबिलिटी स्कूटर म्हणजे तीन किंवा चार चाकांची, बसायला खुर्ची, पुढे हँडल, हँडलवर सामानाची टोपली, आणि खुर्चीखाली बॅटरी. वेग माणसाच्या भराभर चालण्याइतका. ज्यांना उभं राहता येतं, थोडं चालताही येतं, पण दिवसभर चालवत नाही, अशांसाठी ही मुख्यतः केलेली आहे. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, सगळी भांडणं तिथूनच निघतात.

मौजेच्या ठिकाणी चाकाच्या खुर्चीत बसून हिंडणं ही कल्पना अमेरिकेत फार जुनी आहे, आणि सुरुवातीला तिच्यात लाज वगैरे काही नव्हती. उलट ऐट होती! १८७६ मध्ये फिलाडेल्फियाला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शंभरीचं मोठं प्रदर्शन भरलं, तिथे चाकाच्या खुर्च्या भाड्याने मिळत होत्या. १८८० च्या दशकात अटलांटिक सिटीच्या समुद्रकाठच्या लाकडी फरसबंद रस्त्यावर अशा खुर्च्या आल्या. त्या आधी हवापालटाला आलेल्या आजाऱ्यांसाठी होत्या. पण वेताने विणलेल्या त्या ऐसपैस खुर्चीत बसून, मागून कुणीतरी ढकलत असताना समुद्राचा वारा खाणं धडधाकट श्रीमंतांनाही आवडलं, आणि थोड्याच वर्षांत ती आजाऱ्यांची राहिली नाही, फॅशनची झाली.

१८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तर खुर्च्या ढकलायला कॉलेजची मुलं गणवेशात नेमलेली होती. हे प्रदर्शन आपल्याला माहीत आहे ते स्वामी विवेकानंदांमुळे. त्यांनी ज्या सर्वधर्म परिषदेत भाषण केलं ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. पहिला उंच फेरिस पाळणाही तिथलाच, २६४ फुटी. आणि त्या प्रदर्शनाच्या बांधकामावर सुतारकाम करणाऱ्यांत इलायस डिस्ने नावाचे एक गृहस्थ होते. त्यांचा मुलगा वॉल्ट पुढे १९०१ मध्ये जन्मला. त्याने १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात अनाहाइमला डिस्नेलँड उघडलं.

खुर्ची ढकलणारा माणूस हवा, म्हणजे आपल्याकडच्या डोलीसारखंच झालं. गडावर डोलीत बसलेल्या आजींना कुठे थांबायचं, काय बघायचं हे त्यांच्या मनावर थोडंच असतं! भोई थांबतील तिथे थांबायचं. पुढची सगळी गोष्ट या परावलंबनातून सुटण्याची आहे.

पहिली सुटका घडीच्या खुर्चीने केली. हर्बर्ट एव्हरेस्ट हे खाण अभियंता. १९१८ मध्ये खाणीतल्या अपघातात त्यांचे पाय गेले. त्या वेळच्या खुर्च्या अवजड, मोटारीत मावायच्या नाहीत. त्यांचे मित्र हॅरी जेनिंग्स यंत्र अभियंता होते. दोघांनी मिळून १९३३ च्या सुमारास लॉस एंजेलिसला नळ्यांची, मधोमध फुलीसारख्या जोडाने मिटणारी खुर्ची केली. आजही इस्पितळाच्या दारात दिसते ती खुर्ची हिचीच वंशज. दुसऱ्या महायुद्धानंतर मानेपासून खाली लुळे पडलेले जवान मोठ्या संख्येने जगले, वाचले. त्यांना चाक फिरवायला हातही नव्हते. त्यांच्यासाठी कॅनडात जॉर्ज क्लाइन यांनी विजेवर चालणारी खुर्ची तयार केली. आणि १९६८ मध्ये मिशिगन राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावच्या ॲलन थीम यांनी पहिली मोबिलिटी स्कूटर बनवली. हे काही शास्त्रज्ञ नव्हेत, नळ आणि घर गरम ठेवण्याची यंत्रणा बसवण्याची कंत्राटं घेणारे गृहस्थ. बायकोला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला होता. त्या दुखण्यात माणूस एका दिवशी चालतो, दुसऱ्या दिवशी पाय साथ देत नाहीत. तिला कायमची खुर्ची नको होती आणि नुसत्या पायांवर भागत नव्हतं. थीम यांनी त्या गाडीचं नाव ठेवलं 'अमिगो', म्हणजे स्पॅनिशमध्ये मित्र.

मला ही हकीकत फार आवडते. कंपनीने बाजार पाहून काढलेली ही वस्तू नव्हे. एका नवऱ्याने बायकोची अडचण बघितली, दुकानातली हत्यारं घेतली, आणि केली.

डिस्नेलँड उघडलं तेव्हा यातलं बरंचसं व्हायचं होतं. आणखी एक योगायोग सांगते. डिस्नेलँड उघडण्याच्या तीनच महिने आधी, १२ एप्रिल १९५५ ला, डॉ. साल्क यांची पोलिओची लस परिणामकारक असल्याचं जाहीर झालं होतं. त्याआधी १९५२ च्या एका वर्षात अमेरिकेत पोलिओचे सुमारे ५८,००० रुग्ण झाले होते. म्हणजे पायाला लोखंडी पट्ट्या असलेली, कुबड्यांवरची, खुर्चीतली मुलं त्या काळी गल्लोगल्ली होती. तरीही बाग बांधताना त्यांचा विचार झाला नव्हता. राइडच्या रांगांच्या वाटा अरुंद, वळणावळणाच्या, मध्ये पायऱ्या. दुष्टपणाने नव्हे, सुचलंच नाही. आपल्या शाळांच्या इमारती बांधतानाही कुणाला सुचलं नव्हतं. माझ्या एकोणतीस वर्षांच्या नोकरीत उताराची वाट असलेली एकही शाळा मला मिळाली नाही.

खुर्ची रांगेतून जात नाही, मग काय करायचं? डिस्नेच्या माणसांनी सोपा उपाय काढला. खुर्चीतल्या पाहुण्याला बाहेर पडण्याच्या दारातून आत घ्यायचं. त्याच्याबरोबरची सगळी मंडळीही त्याच वाटेने आत. वाट पाहणं जवळजवळ नाहीच. दिसायला हा केवढा आदर! पण जरा थांबून बघा. तुमच्यासाठी पुढचं दार नाही, म्हणून मागचं उघडलं. आणि मागच्या दाराने लवकर आत जाता येतं हे कळल्यावर ज्यांना गरज नाही असे लोकही खुर्ची भाड्याने घेऊ लागले. घरातल्या एकाला तिच्यात बसवायचं, दुपारनंतर दुसऱ्याला. व्हीआयपी दर्शनाची रांग आपल्याला नवी नाही, त्यामुळे अधिक समजावत नाही.

इथे बागेतून जरा बाहेर यावं लागेल, कारण नियम बदलले ते बागेतल्या कुणी बदलले नाहीत.

न्यूयॉर्कमध्ये ज्युडिथ ह्यूमन नावाची मुलगी होती, जन्म १९४७. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. पाचव्या वर्षी आई शाळेत घालायला घेऊन गेली तर मुख्याध्यापक म्हणाले, ही आत आली तर आगीच्या वेळी धोका. शाळेने घेतलं नाही. ती पुढे शिकली, १९७० मध्ये शिक्षिका होण्यासाठी परीक्षा दिली, तोंडी-लेखी सगळ्यांत पास. वैद्यकीय तपासणीत नापास! कारण तेच. आग लागली तर ही स्वतः कशी बाहेर पडणार आणि मुलांना कशी काढणार? तिने शिक्षण मंडळावर दावा लावला. खटला आला कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांच्यापुढे. अमेरिकेच्या संघीय न्यायालयातल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश. त्यांनी मंडळाला पुन्हा विचार करा म्हणून सुचवलं आणि मंडळाने मुकाट्याने परवाना दिला. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतली ती चाकाच्या खुर्चीवरची पहिली शिक्षिका. मी नोकरीला लागले तो काळ याच्या आगेमागेच. माझी वैद्यकीय तपासणी म्हणजे डॉक्टरांनी नाडी बघून सही केली, झालं.

ह्यूमन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७७ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कार्यालयात तीन आठवड्यांहून जास्त दिवस ठिय्या दिला. १२ मार्च १९९० ला साठेक अपंग माणसं वॉशिंग्टनच्या संसदभवनाच्या पायऱ्या खुर्च्या-कुबड्या खाली टाकून रांगत, सरपटत चढली. त्यांत एक आठ वर्षांची मुलगी होती. २६ जुलै १९९० ला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी अपंगांच्या हक्कांच्या कायद्यावर सही केली. या कायद्यात सार्वजनिक ठिकाणांची यादी आहे आणि तीत करमणुकीच्या बागांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे दवाखाना, न्यायालय, शाळा यांच्याबरोबर पाळण्यात बसणं हाही हक्क ठरला. आपल्याला वाटेल, एवढं काय त्यात! पण मुलाबाळांबरोबर सहलीला जाऊन बाकावर पिशव्या सांभाळत बसलेली माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

कायद्याचा परिणाम हळूहळू झाला. २००१ मध्ये अनाहाइमलाच डिस्नेची दुसरी बाग उघडली. तिच्या बहुतेक राइडच्या रांगा मुळातच खुर्ची जाईल इतक्या रुंद ठेवल्या. मार्च २०१२ नंतरच्या नव्या राइडमध्ये खुर्चीसकट बसायची जागा किंवा खुर्चीतून सरकून बसता येईल असं आसन ठेवणं सक्तीचं झालं. आणि मजा बघा, रांग रुंद झाली म्हणजे मागचं दार बंद झालं. आता तुम्ही सगळ्यांसारखेच, सगळ्यांच्याच रांगेत! काही जणांना हे फार झोंबलं. सवलत गेली म्हणून तक्रारी झाल्या. पण हक्क मागायचा आणि सवलतही ठेवायची, हे दोन्ही फार काळ एकत्र नांदत नाही.

आगीचा मुद्दा मात्र संपला नाही, आणि तो नेहमीच खोटा असतो असंही नाही. २००९ मध्ये डिस्नेलँडच्या 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' या बोटीच्या राइडमध्ये खुर्चीतला एक अपंग गृहस्थ अडकला. राइड बंद पडली, बाकीच्यांना उतरवून बाहेर नेलं. याला नेण्याची सोय नव्हती. अर्धा तास तो तिथेच, आणि ते गाणं वाजतच राहिलेलं. (ज्यांनी ते गाणं ऐकलं आहे त्यांना ही शिक्षा किती ते कळेल.) त्याला त्यात शारीरिक त्रासही झाला. २०१३ मध्ये न्यायालयाने त्याला ८,००० डॉलर भरपाई दिली. राइड बंद पडली तर तुम्हाला लगेच बाहेर काढता येणार नाही, ही पूर्वसूचना द्यायला हवी होती, असं न्यायालयाचं म्हणणं. मला हा निकाल ह्यूमनबाईंच्या खटल्याशेजारी ठेवून वाचावासा वाटतो. धोका आहे म्हणून तुम्ही येऊच नका, हे एक झालं. धोका असा असा आहे, तो समजून घेऊन तुम्ही ठरवा, हे दुसरं. दोन्हींत चाळीस वर्षांचं अंतर आहे.

दुसरा वाद गाडी कोणती यावरून. २००१ च्या डिसेंबरात डीन केमन यांनी सेगवे आणली. दोन चाकं शेजारी-शेजारी, मधल्या फळीवर उभं राहायचं, पुढे झुकलं की गाडी पुढे. ज्यांना बसायला-उठायला त्रास पण उभं राहता येतं अशा काही अपंगांना ती सोयीची वाटली. डिस्नेने बागेत बंदी केली. एका आईला मुलीच्या आठव्या वाढदिवसाला डिस्नेलँडला सेगवेवरून जायचं होतं, नाही म्हटल्यावर ती कोर्टात गेली. डिस्नेचं म्हणणं, खुर्ची आहे, स्कूटर आहे, मग सेगवेची गरज काय? २०१२ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की गरज शब्दाचा एवढा कोता अर्थ घेतला तर कायद्यात काही उरणारच नाही. लुळा माणूस सरपटतसुद्धा पायऱ्या चढू शकतो, म्हणून उताराची वाट नको म्हणायचं का? मात्र सेगवे गर्दीत सुरक्षित नाही हे सिद्ध केलंत तर बंदी घालू शकता. फ्लोरिडातल्या दुसऱ्या खटल्यात सुरक्षिततेचं कारण न्यायालयाने मान्य केलं आणि तिथली बंदी टिकली. डिस्नेने बदल्यात उभ्याने चालवायची चार चाकांची गाडी देऊ केली. गंमत अशी की त्याच डिस्नेच्या एपकॉट बागेत पाहुण्यांना पैसे घेऊन सेगवेवरून फिरवण्याची सहल काही वर्षं होती! पुढे २०२० मध्ये ती मूळ सेगवे बनवणंच बंद झालं. दोन चाकांच्या गाड्यांची बंदी तेवढी मागे राहिली.

याच सुमारास, मार्च २०११ पासून, सरकारी नियमही स्पष्ट झाले. चाकाची खुर्ची आणि अपंगांसाठीच बनवलेली स्कूटर माणसं पायी जातात तिथे सगळीकडे जाऊ द्यायची. इतर बॅटरीच्या गाड्यांबाबत मात्र गर्दी, जागा, वजन, वेग पाहून ठरवायचं. आणि महत्त्वाचं म्हणजे, तुम्हाला नक्की काय आजार आहे हे विचारायचं नाही. हा शेवटचा नियम मला फार सभ्य वाटतो. आपल्याकडे अनोळखी माणूससुद्धा "काय झालंय पायाला?" इथून सुरुवात करतो आणि आयुर्वेदिक तेलाच्या नावापर्यंत पोचतो.

पण विचारायचं नाही म्हटलं की लबाडांचं फावतं. मे २०१३ मध्ये न्यूयॉर्क पोस्ट या वर्तमानपत्राने बातमी दिली की मॅनहॅटनमधल्या काही श्रीमंत आया डिस्नेला जाताना अपंग माणसाला भाड्याने बरोबर नेतात, म्हणजे सगळ्या कुटुंबाला रांग चुकवता येते. दर तासाला १३० डॉलर, आठ तासांच्या दिवसाचे १,०४०. ही बातमी वाचून मी सुन्न झाले होते. खुर्ची ढकलायला माणूस भाड्याने घेण्यापासून सुरुवात झाली होती, ती खुर्चीत बसलेला माणूसच भाड्याने घेण्यापर्यंत येऊन पोचली. त्याच वर्षी ऑक्टोबरात डिस्नेने जुनं सवलतकार्ड बंद केलं. नव्या पद्धतीत राइडला तासाची रांग असेल तर तुम्हाला तासानंतरची वेळ मिळते, तोवर कुठेही बसा. २०२४ मध्ये तीही आखडली, मुख्यतः स्वमग्नता किंवा तशा विकासाशी निगडित अडचणी असणाऱ्यांपुरती. नुसते गुडघे दुखत असतील तर उत्तर एकच, खुर्ची किंवा स्कूटर घ्या आणि सगळ्यांच्या रांगेत या. रांगच अरुंद असेल अशा जुन्या राइडला वेगळी वेळ देतात. तेव्हा 'स्कूटर घेतली की पुढे सोडतात' ही जी बातमी आपल्या फोनांवरून फिरते ती विसरा. पुढे सोडत नाहीत. पाय वाचतात, एवढंच.

आता नियम. २०१९ च्या ऑक्टोबरात लेक आणि जावई मला फ्लोरिडातल्या डिस्नेला घेऊन गेले होते. दोन्ही गुडघ्यांची झीज, त्यामुळे स्कूटर घ्यायची हे लेकीने परस्पर ठरवलेलं. तेव्हा बागेतलं दिवसाचं भाडं ५० डॉलर होतं आणि २० डॉलर अनामत. आधी नाव नोंदवून ठेवता येत नाही, पहिल्या येणाऱ्याला पहिली, म्हणून सकाळी लवकर जावं. चालवणारा १८ वर्षांच्या पुढचा हवा. एका गाडीवर एकच माणूस. नातू मांडीवर घ्यायचा नाही, तो कितीही रडला तरी. भाड्याची गाडी त्या बागेबाहेर न्यायची नाही. पावती जपली तर त्याच दिवशी दुसऱ्या बागेत दुसरी मिळते.

चालवण्यातली एक गोष्ट कुणीच सांगत नाही ती मी सांगते. हँडलजवळचा खटका दाबला की गाडी पुढे जाते, सोडला की आपोआप ब्रेक लागून थांबते. आपण जन्मभर सायकल आणि स्कूटर चालवलेली माणसं. घाबरलो की हाताची मूठ आवळतो! इथे मूठ आवळली की गाडी समोरच्याच्या पोटऱ्यांवर. म्हणून गर्दीत शिरण्याआधी मोकळ्या जागेत दहा मिनिटं 'घाबरलं की सोडायचं' एवढीच सवय करावी. वेगाच्या बटणाला पुष्कळ गाड्यांवर एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला ससा काढलेला असतो. बागेत कायम कासव. मुख्य रस्त्यावर घोड्याच्या ट्रामचे रूळ आहेत, ते तिरके ओलांडू नयेत, चाक खाचेत अडकतं. काटकोनात सरळ पार करावेत. बसमध्ये आणि लिफ्टमध्ये शिरताना घाई करू नये, तिथले कर्मचारी सांगतील तसं. पुष्कळ राइडना स्कूटर दाराशी ठेवून साध्या खुर्चीत बसावं लागतं, कारण आतली वळणं स्कूटरला जमत नाहीत. कुठे काय हे बागेच्या नकाशावर खुणेने दिलेलं असतं. इंग्लंडात तर या गाड्या रस्त्यावर सर्रास चालतात म्हणून वाहतूक नियमांच्या सरकारी पुस्तकात त्यांच्यासाठी वेगळं कलमच आहे. फुटपाथवर ताशी ४ मैल, आणि पायी चालणाऱ्याचा मान आधी. बागेतही हेच धोरण ठेवलं की भांडण होत नाही.

चालणाऱ्यांचीही जबाबदारी आहे बरं का. खुर्चीत बसलं की आपले डोळे इतरांच्या कमरेला येतात. माणसं आपल्या डोक्यावरून एकमेकांशी बोलतात. फोनकडे बघत चाकाच्या पुढ्यात येऊन थबकतात. मिरवणूक बघायला खुर्च्यांसाठी राखलेल्या जागेत उभे राहतात. खाण्याच्या खिडकीवरची मुलगी मला सोडून लेकीला विचारते, "या काय घेतील?" शांतपणे आपणच उत्तर द्यावं. दुसऱ्यांदा ती आपल्यालाच विचारते.

आणि तो दुसरा प्रश्न, लोक काय म्हणतील. एका बोटीच्या राइडला मी खुर्चीतून उठले आणि बोटीपर्यंतची चार पावलं चालले. मागे एक मराठी कुटुंब होतं. इथे कोण मराठी समजतंय या भरवशावर त्यातल्या बाई म्हणाल्या, "बघ, चालता येतंय की चांगलं! उगाच बसतात." मी मागे वळून म्हटलं, "येतं हो, चार पावलं येतं. पाचव्याला मात्र ही लागते." बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या, त्यांचे यजमान आकाशाकडे बघायला लागले, आणि माझा जावई मात्र हसू दाबत बोटीत शिरला. पुढे त्या बाई आपणहून येऊन बसल्या. साताऱ्याच्या होत्या. त्यांच्या सासूबाईंना हॉटेलवर ठेवून आल्या होत्या, चालवणार नाही म्हणून. गाडी कुठे मिळते, किती पैसे, सगळं लिहून घेतलं.

हे जे 'चालता येतंय की' आहे ना, त्यानेच निम्मी माणसं घरी बसतात. ॲलन थीम यांनी ती गाडी केली होती ती चार पावलं चालता येणाऱ्या माणसासाठीच. पण आपल्या मनात अपंग म्हणजे अजिबात न हलणारा, नाहीतर ढोंगी, मधलं काही नाहीच. हृदय अशक्त असलेला, दम लागणारा, केमोथेरपी चालू असलेला माणूस वरून काय दिसणार! लबाड असतात, वर सांगितलेच. पण लबाड ओळखण्याचं काम रांगेतल्या आपल्यावर कुणी सोपवलेलं नाही.

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक जागा अपंगांना वापरता येण्याजोग्या करणं बंधनकारक आहे. एका बागेत नातेवाइकांसाठी मी चाकाची खुर्ची मागितली तेव्हा प्रथमोपचाराच्या खोलीतून एक काढून दिली. एक चाक पंक्चर होतं, आणि वर ठेवलेले झाडू बाजूला काढावे लागले. देणारा मुलगा बिचारा चांगला होता, स्वतः हवा भरून आणली.

टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओला २०१० पासून मॉर्गन्स वंडरलँड नावाची एक बाग आहे. गॉर्डन हार्टमन यांनी आपल्या अपंग मुलीसाठी म्हणून ती बांधली, मुलीचंच नाव दिलं. तिथे अपंग पाहुण्याला तिकीट नाही. झोक्यावर खुर्चीसकट चढता येतं. २०१७ मध्ये शेजारी पाण्याची बाग काढली तेव्हा अडचण आली की बॅटरीची खुर्ची पाण्यात नेता येत नाही. मग पिट्सबर्ग विद्यापीठातल्या लोकांनी दाबलेल्या हवेवर चालणारी खुर्ची बनवली. तिच्यात वीजच नाही. आपली खुर्ची दाराशी ठेवायची, ही घ्यायची, आणि कारंज्याखाली जायचं. हवा संपली की पुन्हा भरून देतात, सायकलच्या दुकानात देतात तशी.